कामाला सोबत हवी

ऑक्टोबर छाटणी उरकून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा दिवाळीच्या दिवसांत नव्या फुटीवर आलेल्या असतात. डाऊनी रोगाच्या धास्तीने घरातली मोठी माणसं पहाटेपासून फवारणीला जुंपलेली, आणि त्याच घरातला बारावीचा मुलगा नाशिकला क्लासला. त्याला एकच सांगणं असतं, ‘तू फक्त अभ्यास कर.’ आपल्या वाट्याचे कष्ट पोराच्या वाट्याला नकोत, ही त्यामागची माया कळते. पण औषधांची उधारी किती, सोसायटीचा हप्ता कधी, मागच्या हंगामात व्यापाऱ्याने पैसे कसे बुडवले, यातलं काहीच ज्याच्या कानावर पडू दिलं नाही, त्याने पंचविशीत एकदम जबाबदार व्हावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

पण नुसत्या कामानेही भागत नाही. हरसूलच्या आदिवासी पट्ट्यात कामाची वाण कधीच नव्हती. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने लहानपणी डोंगरवाटांनी पाणी वाहिलं. तसं तिच्या बरोबरीच्या कितीतरी मुलींनी वाहिलं. त्यांच्यातली एकच २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली, कारण विजेंदर सिंग या प्रशिक्षकांनी नाशिकला तिच्याकडून नेटाने सराव करून घेतला. गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांनी बाकीच्या मुलींचाही विचार करावा.

मुलांच्या कामाला मोठ्यांची सोबत लागते, हे कर्मवीर भाऊराव पाटलांना फार आधी उमगलं होतं. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, आपली कामं आपण करत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ रुजलं ते या वातावरणात. पण त्याच मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. मुलांनी घाम गाळला आणि मोठ्यांनी त्याहून जास्त झीज सोसली. मुलं आळशी झाली, मोबाइलमध्ये बुडाली, अशी तक्रार करणाऱ्या घरांनी आपली झीज किती, हे एकदा तपासावं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी असतात. बागेतल्या चार ओळी, दुकानाची एक वही, आजीची औषधं, काहीतरी खरं काम पूर्णपणे त्यांच्या हाती द्या. चुकलं तर काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि पुन्हा करू द्या.