गोल न झाल्याची बातमी होत नाही

फुटबॉलची मॅच संपली की तुम्ही मोबाइलवर काय बघता? हायलाइट्स. त्यात काय असतं? गोल. जो गोल झालाच नाही, कुणीतरी ऐनवेळी पाय घालून अडवला, तो त्यात क्वचितच दिसतो. म्हणून आज बोलू या बचावपटूंबद्दल. तेही हैतीच्या.

कॅरेबियन समुद्रातल्या या छोट्या देशाचा महिला संघ २०२३च्या विश्वचषकाला पहिल्यांदाच पात्र ठरला. निर्णायक सामन्यात चिलीला २-१ असं हरवलं, दोन्ही गोल मेल्ची ड्युमॉर्नेचे. तिचं नाव जगभर गेलं, जायलाच हवं होतं. पण त्या विश्वचषक संघाच्या बचावफळीत १९ वर्षांची ताबिता जोसेफ होती, २२ वर्षांची रूथनी मातुरँ होती. ही नावं ऐकली होती तुम्ही?

विश्वचषकात हैतीचा संघ तिन्ही सामने हरला. इंग्लंडकडून ०-१, चीनकडून ०-१, डेन्मार्ककडून ०-२. पण जरा थांबा. हे चार गोल झाले कसे? तीन पेनल्टीवर आणि चौथा डेन्मार्कविरुद्ध, ९० मिनिटं उलटून गेल्यावर, भरपाई वेळेत. पेनल्टी जाते ती चुकीमुळेच, हे मान्य. तरी चालू खेळात या मुलींना भेदणं किती अवघड होतं, हे त्यातूनच कळतं. आणि इंग्लंड तर युरोपचा विजेता, त्याच स्पर्धेत पुढे फायनलला गेलेला संघ!

आता ही पोरं कुठून आली ते बघा. २०१०चा भूकंप, २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सवर सशस्त्र टोळ्यांचा कब्जा. ‘होम मॅच’सुद्धा परदेशात खेळायची. करिअर करायचं तर देश सोडायचा. ताबिता आणि रूथनी दोघीही तेव्हा फ्रान्समधल्या क्लबांकडून खेळत होत्या.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. २०२० मध्ये हैतीच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांवरच खेळाडू मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले. फिफाने आजीवन बंदी घातली. २०२३ मध्ये क्रीडा लवादाने पुरावे पुरेसे नसल्याचं सांगत ती रद्द केली. निकालावर मतं वेगळी असू शकतात. पण एक प्रश्न उरतोच: मैदानात सगळ्या संघाचा बचाव करणाऱ्या मुलीचा मैदानाबाहेर बचाव कोण करणार? घरापासून दूर, प्रशिक्षण केंद्रात राहणारी मुलगी काही सांगू पाहते, तेव्हा ते ऐकून घेणारं, संघात निवड करणाऱ्यांच्या दबावाखाली नसलेलं माणूस तिथे हवं. हा नियम हैतीपुरता नाही. जिथे जिथे मुली खेळतात, तिथे तो हवा.

आपण काय करू शकतो? दोन गोष्टी. ‘जिला काही जमत नाही तिला मागे उभी करा’ हे तुमच्या कॉलेजच्या टीममध्ये कुणी म्हटलं तर तिथल्या तिथे हटका. आणि टीममधली एखादी मैत्रीण अचानक प्रॅक्टिसला यायची बंद झाली, तर ‘हिला सीरियसनेस नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. तिला फोन करा, भेटा, विचारा. उत्तर यायला वेळ लागेल कदाचित. तेवढं थांबा.