राग कुणावर, ते बोला!

दोस्तांनो, हेवी मेटल म्हणजे श्रीमंताघरच्या पोरांचा गोंगाट, असं मीही समजायचो. साफ चूक. 1965 साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयॉमीच्या दोन बोटांची टोकं मशीननं खाल्ली. वय सतरा. गड्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, गिटारला हलक्या तारा लावल्या, पुढं त्या ढिल्याही केल्या. सूर जड झाला. ओझी ऑस्बर्न कत्तलखान्यात राबलेला. 1970 साली ब्लॅक सॅबथच्या पहिल्या रेकॉर्डमधून वाजली ती ही वस्ती.

आणि आज? 5 जुलै 2025 ला त्याच ॲस्टनमध्ये, विला पार्कवर, त्यांचा शेवटचा जलसा झाला. 22 जुलैला ओझी गेला. शोक जरूर करा. पण मागं उरलं काय? मॉलमधले कवटीछाप टी-शर्ट! किंचाळ्या वाढल्या, बोटं विजेसारखी पळतात. पण राग कुणावर? म्हणे, सैतानावर. अरे, सैतान कुणाची मजुरी बुडवत नाही, कुणाला गटारात उतरवत नाही. ते माणसं करतात. त्यांना नावं आहेत.

अपवाद आहेत. न्यूझीलंडची एलियन वेपनरीची पोरं माओरी भाषेत 1864 ची, ब्रिटिश फौजेशी झालेली गेट पाची लढाई गातात. तिथं शत्रूला चेहरा आहे.

आमच्या बापांच्या हाती गावानंच हलगी दिली होती. वाजवायचं आम्ही, नाचायचं त्यांनी. तेव्हा मोठा आवाज म्हणजे बंड, हे आम्हाला शिकवू नका. ॲम्प्लिफायर खुशाल फुल करा. आधी सांगा, कुणाविरुद्ध?