पथ्याच्या वाटीतली चव

पोटाची शस्त्रक्रिया करून माणूस नागपुराहून पांढुर्ण्यास किंवा सौंसरला घरी परततो, तेव्हा सारे घर सुटकेचा श्वास टाकते. खरी कसोटी मात्र पुढे स्वयंपाकघरात असते. गेल्या वर्षी ती आमच्या घरी आली. जठराचा भाग काढलेला, आणि जन्मभर तर्रीच्या रश्श्यावर जेवलेले आमचे भाऊजी डाळीच्या मिळमिळीत पाण्याची वाटी जशीच्या तशी परत पाठवू लागले. वजन उतरू लागले. तेव्हा आम्हांस उमगले की, पथ्य म्हणजे बेचव अन्न नव्हे. अन्न पोटात गेले तरच जखम भरते.

चव म्हणजे तिखट, ही आपल्याकडील समजूत. वस्तुतः चवीत मोठा वाटा वासाचा असतो. डॉक्टरांनी घोटलेल्या अन्नास अनुमती दिली की, अर्धा चमचा तुपात जिरे-हिंग फुलवावे आणि ते तूप गाळून मुगाच्या वरणात घालावे. कोथिंबिरीच्या काड्या व कढीपत्ता वरणासोबत शिजवून काढून टाकावा. दुधीच्या लगद्यात आल्याच्या रसाचे चार थेंब, चक्क्यात भाजल्या जिऱ्याची वस्त्रगाळ पूड घालावी. ज्वारीची आंबील गाळून द्यावी. तिच्या आंबटपणाने जिभेस जाग येते. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा, म्हणजे काय सोसले नाही ते कळते. वाटी कोमट असावी. गार अन्नाचा वास मंदावतो.

आता संत्र्याविषयी. आपल्या मुलखात भेटीस येणारा संत्री घेऊनच येतो. परंतु जठर कापलेल्या माणसास संत्र्याचे पांढरे धागे व फोडींचा पापुद्रा पचत नाही. त्यांचा गोळा होऊन पोटाची वाट अडते. म्हणून फोड देऊ नये. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा गाळलेला रस चमचाभर चक्क्यात मिसळावा, अधिक नको. साखर भराभर आतड्यात उतरली तर छाती धडधडते, घाम फुटतो.

चार-पाच चमच्यांनंतर रुग्ण पुरे म्हणाला, तर आग्रह करू नये. थोड्या वेळाने पुन्हा वाढावे. पाणीही जेवणासोबत न देता अर्ध्या तासाने द्यावे. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या आपणां भगिनींना हेच सर्वांत कठीण जाते.

आठवड्याने भाऊजींची वाटी प्रथमच रिकामी परत आली. मागोमाग त्यांचा प्रश्न आला, "वहिनी, आज वरणात जिरे होते ना?"