दिवाळीचा हिशेब घरात बसून मांडा

दसरा झाला की घराघरांत दिवाळीची बोलणी सुरू होतात. नेमकी त्याच वेळी सोयाबीनची मळणी चालू असते, कापसाची पहिली वेचणी आलेली असते आणि हरभऱ्यासाठी बी-खत आणायचे असते. पोरांना कपडे हवेत, लेकीला माहेरी आणायचे, भाऊबिजेची ओवाळणी घालायची. कृषी सेवा केंद्रातून खरिपाच्या उधारीचा निरोप येतो. नोकरदाराच्या हाती दिवाळीत बोनस पडतो. शेतकऱ्याच्या दारात मात्र वर्षाची देणी एकाच पंधरवड्यात येऊन उभी राहतात. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झाली तशी अतिवृष्टी झाली, तर विचारायलाच नको.

अशा दिवसांत बहुतेक घरधनी देणे किती आहे ते घरात सांगत नाहीत. "बायका-पोरांना कशाला घोर?" असा त्यामागचा विचार. हेतू चांगला आहे, परंतु परिणाम उलटा होतो. घरच्यांना काही ठाऊक नसते, म्हणून ते नेहमीप्रमाणे मागणी करतात. यांना नाही म्हणवत नाही. मग हातउसने, नाहीतर सावकार. घरधनीण दिवसभर कापूस वेचून रात्री फराळाला बसते. मालक का तडकतात ते तिला कळत नाही. दोघेही आपापल्या जागी कुढतात आणि सण गोड लागत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की वसुबारसेच्या आठ दिवस आधी घरातील सर्वांनी एकत्र बसून हिशेब मांडावा. शाळेत जाणाऱ्या पोरीला वही धरायला सांगा. तीन रकाने पाडा: आत्ताच द्यावे लागणारे, थोडे थांबू शकणारे आणि यंदा टाळता येणारे. मजुरी, मळणीचे पैसे, रब्बीचे बी हे पहिल्या रकान्यात. खरिपाचे पीककर्ज साधारणपणे मार्चअखेरपर्यंत भरायचे असते. त्याचा घोर दिवाळीत करू नका. फटाके, नवा मोबाईल तिसऱ्या रकान्यात. आकडा कागदावर आला की तो मनात वाटत होता तेवढा मोठा नाही, असे पुष्कळदा दिसते. मोठा असलाच, तरी तो एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

दुसरी गोष्ट मालाची. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचाच माल बाजारात येतो आणि भाव पडतो. ओले सोयाबीन नेले, तर आणखी कटती. तेव्हा वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा आणि नडीपुरताच माल विका. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. हमीभाव केंद्रावर विकायचे तर नोंदणी वेळेत करा.

उरलेल्या मालासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला, की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. समजा, ४,००० रुपये भावाचे दहा क्विंटल सोयाबीन ठेवले. ३० हजार हाती येतील आणि सहा महिन्यांचे व्याज होईल ९०० रुपये. तेच ३० हजार सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले, तर व्याजच ५,४०० रुपये. पुढे भाव वाढेलच असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण पडत्या भावात सगळा माल काढायची घाई तरी टळते. आपल्या बाजार समितीत योजना चालू आहे का, एवढे आधी विचारून घ्या.

गावच्या कारभाऱ्यांनाही एक विनंती आहे. सोसायटी, ग्रामपंचायत आणि कृषी सेवा केंद्रांनी दिवाळीच्या आठवड्यात वसुलीचा तगादा थांबवावा. आठ दिवसांनी कोणाचे काही बुडत नाही. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी दारात येऊन दमदाटी करीत असेल, तर सरपंच आणि पोलीस पाटलांनी त्या शेतकऱ्याला सोबत घेऊन सहायक निबंधकांकडे तक्रार द्यावी. एकटा माणूस जात नाही.

आणि माणसाकडे लक्ष ठेवा. पाराकडे येणारा येईनासा झाला, झोप-जेवण सुटले, दारू वाढली, रानाकडे फिरकत नाही, "माझ्यामागं कसं व्हायचं" अशी भाषा तोंडी येऊ लागली, तर त्याला चेष्टेवारी नेऊ नका. जवळ बसून सरळ विचारा, "दादा, जिवाचं काही बरंवाईट तर मनात येत नाही ना?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे; उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे तर प्रत्येक घरात कुलूपबंद पेटीत ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

१४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते. गावच्या आशाताईंना सांगितले, तर त्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवतील. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो. मनाच्या दुखण्यासाठी जाण्यात कसली लाज? हा क्रमांक पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

लेकीला यंदा साडीऐवजी साधा खण दिला, म्हणून ती रुसत नाही. दारात तिला बाप आणि भाऊ उभे दिसायला हवे असतात. तेव्हा बंधूंनो, या आठवड्यात वही काढा आणि घरच्यांना हाक मारा.