तोरण कुणाच्या दारावर?

बिकानेरची वरात छत्रपती संभाजीनगरात, पदमपुऱ्याजवळच्या हॉटेलात उतरली. आपण आपल्याच गावच्या एका राजपुत्राच्या वस्तीत उतरलोय, हे वऱ्हाडातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. बिकानेरचा राजा करणसिंह मुघलांच्या चाकरीत दख्खनेत आला आणि १६६९ मध्ये इथेच वारला. कर्णपुरा त्याचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, पद्मसिंहाचा, आणि केसरसिंगपुरा दुसऱ्या मुलाचा. भावसिंगपुरा बुंदीच्या रावाचा, जयसिंगपुरा आमेरच्या मिर्झाराजांचा, पहाडसिंगपुरा ओरछाच्या बुंदेल्याचा. आपल्याकडे रिक्षावाला हे सगळे पुरे दिवसभर फिरतो, पण त्यातल्या एकाही राजाचा चेहरा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

हा पद्मसिंह साधा नव्हता. दख्खनच्या छावणीत हरणाच्या एका पाडसावरून त्याच्या भावाचं भांडण झालं आणि भाऊ मारला गेला. पद्मसिंहाने दरबारात घुसून मारेकऱ्याला तिथल्या तिथे तोडलं, अशी कथा टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात दिली आहे. वरपक्षाच्या एका काकांना मी ती चहा पिताना सांगितली. ते खूश झाले आणि विचारलं, ‘‘इथून मकबरा किती लांब?’’

मकबऱ्याचा प्रश्न या लग्नात पहिल्या दिवसापासून होता. मुलीकडचे गुलमंडीवरचे कापडवाले, चार पिढ्या इथेच. मुलगी बंगळुरूला नोकरी करते. आधी उदयपूरचा महाल पाहिला, मग जोधपूरचा. शेवटी तिनेच ठरवलं की लग्न आपल्या गावात, पण ‘डेस्टिनेशन’ हवं आणि जागा ऐतिहासिक हवी. ज्या गावात आजोबांचं दुकान आहे ते गाव डेस्टिनेशन कसं, हे तिच्या वडिलांना, शेठजींना, काही केल्या उमजेना. पण लेकीपुढे कोणाचं चालतं?

इव्हेंटवाल्या पोराने पहिल्याच बैठकीत मकबऱ्याचा फोटो पुढे केला. बारशाच्या कार्यक्रमाला कुणी स्मशानाची पायरी सुचवावी, तसं मला झालं. आझमशाहाने आईसाठी, दिलरसबानूसाठी बांधलेली ती कबर आहे. तिच्यासमोर प्री-वेडिंग फोटो काढणाऱ्या जोडप्यांना हे सांगायला कुणी जात नाही, ते वेगळं. सुदैवाने इथे कायदा आडवा येतो. १९५८च्या कायद्याखाली १९५९ मध्ये झालेल्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात स्वागत-समारंभ, मेजवानी, करमणूक यांपैकी काहीही केंद्र सरकारच्या लेखी परवानगीवाचून करता येत नाही. दौलताबादच्या किल्ल्यालाही तेच. त्या पोराने फोटो मिटवला आणि म्हणाला, ‘‘मग आपण थीम तरी ऐतिहासिक ठेवू.’’

किल्ल्यांच्या बाबतीत महाराष्ट्र एकदा पोळलाय. सप्टेंबर २०१९ मध्ये काही किल्ले हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी भाड्याने द्यायचा सरकारचा बेत आहे अशी बातमी आली आणि राज्यभर एवढा गदारोळ झाला की शिवरायांच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. सासवडजवळच्या जाधवगडावर मात्र हॉटेल आहे, लग्नंही लागतात आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही. १७१० साली पिलाजी जाधवरावांनी बांधलेली ती गढी. खाजगी आहे, नीट राखली आहे. माझं म्हणणं एवढंच की जुनी वास्तू पडून राहण्यापेक्षा वापरात राहिलेली बरी, फक्त ती कोणाची होती आणि कशासाठी होती हे लग्नपत्रिका छापण्यापूर्वी वाचून घ्यावं.

तर थीम. हॉटेलच्या हिरवळीवर फायबरचे जोधपुरी झरोके उभे राहिले, गुलाबी रंगाचे, आतून पोकळ. तिथून गाडीने थोड्याच वेळात पहाडसिंगाचा खरा सोनेरी महल आहे, राज्य सरकारचं वस्तुसंग्रहालय म्हणून. तो पाहायला वऱ्हाडातून कुणी गेलं नाही. आणि गंमत अशी की जो मकबरा यांना पाठीमागे हवा होता त्याचा संगमरवरही राजस्थानातूनच आलेला. टॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाला सुरत ते गोवळकोंडा या वाटेवर संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या दिसल्या होत्या, त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल. यांच्याकडे झरोके एका टेम्पोत आले.

आता विधी. मारवाडी लग्नात मला सगळ्यात जास्त ओढ असते ती मायऱ्याची. काही घरांत त्याला भात भरणं म्हणतात. वधूचे मामा बहिणीच्या दारी येतात, ती बाजोटावर उभी राहून भावांना टिळा लावते, ते तिला चुनडी पांघरतात आणि मग कपडे, दागिने, रोकड जे काही आणलं असेल ते पुढे ठेवतात. गरीब नरसी मेहताची लाज राखायला कृष्ण स्वतः मायरा घेऊन आला, ती ‘नानीबाईचा मायरा’ची कथा आपल्याकडेही भागवतासारखी दिवस-दिवस चालते. आपल्या लग्नात मामा भाचीला हाताला धरून अंतरपाटापर्यंत आणतो, त्याचंच हे भरजरी भावंड म्हणा.

इथले मामा जालन्याच्या मोंढ्यातले आडते. सकाळी अकराची वेळ दिलेली आणि साडेअकराला त्याच लॉनवर दुसरा कार्यक्रम. माइकवाली मुलगी ‘और अब आते हैं मामाजी’ म्हणाली, ढोल वाजला. थोरल्या मामांनी चुनडी उलगडली, बहिणीच्या डोक्यावर घातली, तिचा एक पदर त्यांच्या घड्याळात अडकला. तो सोडवता सोडवता दोघंही रडायला लागली. आई-वडील गेल्यानंतरचं हे पहिलंच कार्य होतं. तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, ‘‘सर, चुनडी एकदा परत.’’ मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ढोलवाला आपोआप थांबला.

संध्याकाळी निकासी होऊन, म्हणजे वराची मिरवणूक निघून, नवरा घोडीवर आला आणि तोरणाची वेळ झाली. तोरण म्हणजे लाकडी, रंगवलेलं, त्यावर पोपट बसलेले. मुलीच्या घराच्या दाराला ते टांगतात आणि नवरदेव आत येण्याआधी तलवारीने किंवा कडुलिंबाच्या डहाळीने त्याला स्पर्श करतो. गुलमंडीच्या घराला त्यासाठी चौकटीतच जुना खिळा आहे. शेठजींच्या बहिणींची, आत्यांची तोरणं त्याच खिळ्यावर लागली. हॉटेलात खिळा ठोकायला बंदी. म्हणून तोरण फायबरच्या कमानीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलं आणि फोटोत नीट दिसावं म्हणून इतकं वर, की घोडीवरून तलवार पोचेना. हॉटेलचा पोऱ्या शिडी घेऊन आला, पट्टी कापली आणि तोरण हातात धरून उभा राहिला. नवरदेवाने त्याच्या हातातल्या तोरणाला तलवार लावली. वधूच्या दादी माझ्याशेजारी खुर्चीवर होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘दार कुणाचं अन् तोरण कुणाचं!’’

मला खर्चाचं काही वाटत नाही. ज्याचा पैसा त्याने उडवावा, आणि मंडपवाल्यापासून मेहंदीवालीपर्यंत शंभर घरांत त्यातला थोडा पोचतो. खटकते ती यादी. गुलमंडीवर लग्न असलं की अर्धी बाजारपेठ जेवायला असायची: मुनीम, हमाल, समोरचा चष्मेवाला, मागच्या गल्लीतला शिंपी, ज्याच्याकडून तीस वर्षं उधारी यायची होती तोही. कोणाला बोलवायचं हा प्रश्नच नव्हता, कोणाला वगळता येईल हा होता, आणि उत्तर ‘कोणालाच नाही’ असं असायचं. डेस्टिनेशन लग्नाने हे वगळणं सोपं करून दिलं. ‘खोल्याच मोजक्या हो’ म्हटलं की कोणी रागावूही शकत नाही. ऐतिहासिक वास्तू, झरोके, ढोल हे सगळं वरचं. आत काम करते ती ही सोय. या वेळी तर गाव तेच, मुनीम चालत येऊ शकला असता, तरी यादी महालाचीच राहिली.

शेठजींना ते लागलं असावं. पुढच्या रविवारी त्यांनी एका मंगल कार्यालयात बाजारवाल्यांसाठी जेवण ठेवलं. महाराज तेच, हॉटेलसाठी बिकानेरहून आणलेले, त्यांना शेठजींनी थांबवून घेतलं होतं. पंगत बसली, बाट्या कुस्करून तूप ओतलं गेलं, चुरमा आग्रहाने वाढला, आणि आपल्या माणसांसाठी ठेचाही होता. नवरा-नवरी तोपर्यंत बालीला पोचली होती.

हात धुताना मी शेठजींना विचारलं, धाकट्याचं कुठे ठरतंय?

‘‘तो जोधपूर म्हणतो. यादी दीडशेची.’’ त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. ‘‘तुम्ही रविवारचं धरून चाला, भाऊ.’’