बाड कयाधूत सोडण्याआधी...

परवा काकांचा फोन आला. "अगं, माळवद उतरवतोय. आजोबांच्या पेटीतली बाडं वाळवीनं खाल्लीत. देवाचं लिहिलेलं रद्दीत कसं द्यायचं? एकादशीला कयाधूत सोडून येतो." मी जवळजवळ ओरडलेच, "काका, थांबा!"

बाड म्हणजे हातानं उतरवलेल्या अभंगांची वही. आजोबा भजनाला नर्सीला जायचे, तेव्हा ती पिशवीत असायची. नर्सी म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं, नामदेवांचं जन्मगाव म्हणून मान असलेलं गाव. माझा प्रबंधही नामदेवांच्या गाथेवरच आहे, त्यामुळे माझ्या ओरडण्यात स्वार्थ होताच.

प्रबंध सुरू केला तेव्हा वाटलं होतं, काम सोपं आहे. नामदेवांचा काळ परंपरेनं १२७० ते १३५० मानतात. १९७० साली निघालेल्या शासकीय गाथेत दोन हजारांहून जास्त अभंग आहेत. त्यातले खरे निवडायचे, बाकीचे बाजूला काढायचे. झालं! पण नामदेवांच्या हातचा एकही कागद आपल्याकडे नाही. त्यात सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी होऊन गेले, त्यांचेही अभंग गाथेत मिसळले. भाषेवरून ओळखावं म्हटलं, तर कीर्तनात गाता गाता जुने शब्द झिजून नवे झालेले. म्हणजे भाषा नवी दिसली म्हणून अभंगही नवाच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

पंजाबात उलट झालं. १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध झाला, त्यात नामदेवांची ६१ पदं आली आणि तिथेच स्थिर झाली. आज पंजाबातून भाविक नर्सीला येतात ते त्याच पदांमुळे. आपल्याकडे मात्र गाथेचं दार कुणी लावलंच नाही. ती तोंडातोंडी वाढत राहिली.

मागच्या सुट्टीत आजोबांचं बाड चाळताना 'नामा म्हणे'नं संपणारा एक अभंग दिसला. तो माझ्याकडच्या छापील गाथेत सापडला नाही. नंतरच्याच कुणाचा तरी असणार. दोन वर्षांपूर्वी मी 'प्रक्षिप्त' असं लिहून मोकळी झाले असते. आता हात धजत नाही.

विचार करा मंडळी. आपला एखादा लेख कुणी नाव न देता पुढे ढकलला, तर आपण किती चिडतो! आणि इथे कुणीतरी स्वतः रचलं आणि शेवटी नाव मात्र नामदेवांचं घातलं. ही चोरी म्हणायची का? मला तर ते दान वाटतं.

निवड करायलाच नको, असं मी म्हणत नाही. ती केली नाही तर चौदाव्या शतकाबद्दल आपण काहीबाही बोलत बसू. पण चाळणीत वर राहिलेला भाग फेकण्याचा नाही. नामदेव सातशे वर्षं कुणाच्या तोंडी राहिले, कसे राहिले, याचा पुरावा तोच आहे. ख्रिश्चन नोवेट्झके या अमेरिकन अभ्यासकानं २००८ च्या आपल्या पुस्तकात कीर्तनकारांच्या बाडांना असंच महत्त्व दिलंय. आपण मात्र ती नदीत सोडतोय. श्रद्धेनंच सोडतोय, हे जास्त वाईट.

तेव्हा नातेवाईक मंडळींना हात जोडून विनंती. घरात बाड निघालं तर आधी मोबाईलवर पानापानाचा फोटो काढा. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका, कडक उन्हात टाकू नका. बाड कुणाचं, कुठल्या गावचं, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. इतकं झालं की मग काय ते ठरवू.

असो. काका शेवटी म्हणाले, "बरं, ठेवतो पेटी. पण दिवाळीला येऊन घेऊन जा. आणि तो अभंग चालीत म्हणून दाखव, आजोबा म्हणायचे तसा."

अभंग आहे माझ्याकडे, चाल नाही. तुमच्यापैकी कुणाला आठवते का?