मानसोपचार वॉर्डात रात्रभर ट्यूबलाइट का नको? नांदेड-लातूरसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

राज्यातली चार जुनी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्यासाठी जालन्यात नव्या मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली आहे. तोवर नांदेड-लातूरच्या कुटुंबांना जवळचा सरकारी आधार म्हणजे विष्णुपुरी आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग. त्यामुळे नवी इमारत बांधताना किंवा जुना वॉर्ड दुरुस्त करताना एक साधा प्रश्न विचारायला हवा: रुग्ण झोपतो त्या खोलीत दिवा कसा असेल?

दिव्याचा आजाराशी काय संबंध?

डोळ्यांतल्या काही पेशी निळसर प्रकाश टिपून मेंदूला 'अजून दिवस आहे' असं कळवतात. मग झोप आणणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. बायपोलर आजारात झोप उडाली, की उन्माद भडकू शकतो.

२०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं मर्यादा सुचवल्या. त्यात निळसर प्रकाशाला जास्त महत्त्व देणारं खास माप वापरलंय. त्यानुसार डोळ्यांपाशी दिवसा किमान २५०, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १० आणि झोपेत १ लक्स प्रकाश असावा. नॉर्वेतल्या ट्राँडहाइमच्या मानसोपचार रुग्णालयात एका वॉर्डात संध्याकाळनंतर निळा प्रकाश जवळपास काढून टाकला, तर शेजारच्या वॉर्डात नेहमीचेच दिवे ठेवले. रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही, पण पहिल्या वॉर्डातल्या रुग्णांमध्ये सुधारणा अधिक दिसली.

म्हणजे दिवा औषधाची जागा घेत नाही, पण चुकीचा दिवा झोप मोडतो.

मग अंधारात लक्ष कसं ठेवायचं?

आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णावर रात्रीही नजर ठेवावी लागते. त्यासाठी ट्यूबलाइट चालू ठेवणं किंवा तोंडावर टॉर्च मारणं हा एकच मार्ग नाही. जमिनीलगत मंद पिवळसर दिवा असला, तर डोळ्यांवर उजेड येत नाही, रुग्ण दिसतो आणि संडासला जाताना कुणी अडखळतही नाही. मोठ्या दिव्याचं बटण खोलीबाहेर, नर्सच्या हाताशी असावं. आपल्याकडे लाइट जाते, त्यामुळे हा मंद दिवा इन्व्हर्टरवर हवा.

सुरक्षित दिवा कसा असतो?

तो छतात किंवा भिंतीत सपाट बसवलेला असतो. त्याला दोर अडकवता येईल असा हूक किंवा कडा नसते, वायर लोंबत नाही. झाकण काचेचं नसून न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचं असतं आणि स्क्रू साध्या पान्यानं निघत नाहीत. हाच नियम पंख्यालाही लावावा लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंखा काढून टाकता येत नाही, म्हणून त्याची जागा आणि जाळी आराखड्यातच ठरवावी लागते.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० नुसार सुरक्षित आणि स्वच्छ वातावरण, तसंच खासगीपणा हा रुग्णाचा हक्क आहे. सामान्य रुग्णालयातल्या मानसोपचार वॉर्डालाही हा कायदा लागू होतो.

भिंती उभ्या राहिल्यावर वायरिंग बदलणं महागात पडतं. म्हणून दिव्यांच्या या अटी निविदेतच लिहिलेल्या असायला हव्यात.